जोई आधी इतका बावळट नव्हता

फ्रेंड्स ही अमेरिकन विनोदी मालिका मी उलट्या क्रमाने बघितली. हौस म्हणून नाही, होस्टेलला जिच्याकडे हार्ड डिस्क होती तिच्याकडे सगळे सीझन नव्हतेच, आठवा पूर्ण, नववा अर्धा आणि दहाव्याचे थोडे एपिसोड ज्यात आवाज ओठांच्या पुढे पळायचा. कर्वेनगरच्या त्या होस्टेलचं गेट रेक्टरबाई लवकर बंद करायच्या, मग मेसचं पाणीदार वरण गिळून झालं की एका लॅपटॉपभोवती आम्ही सगळ्या, दोघी कॉटवर, बाकीच्या खाली गाद्यांवर, आणि सुरुवातच बघितलेली नसल्यामुळे यातला कोण कुणाचा भाऊ हे एकमेकींना विचारत बसायचं. पहिला सीझन कुणाच्या तरी भावाच्या पेनड्राइव्हवर आला तो बऱ्याच महिन्यांनी.

तो लावला आणि पहिला धक्का त्यातल्या जोई नावाच्या नटाचा. अरे हा तर चांगला चलाख आहे! कामं मिळत नाहीत, पुस्तकांशी वाकडं आहे, ते सगळं ठीक, पण माणसं बरोबर ओळखतो, मुलींच्या बाबतीत बाकीच्यांना शहाणपण शिकवतो. आणि आम्ही ओळखत होतो तो दहाव्या सीझनचा जोई, ज्याला फीबी फ्रेंच शिकवत असते, तुकड्यातुकड्यात सांगितलं की बरोबर म्हणतो आणि सगळं जोडून म्हण म्हटलं की भलतंच बरळतो. हसून हसून पोट दुखलेलं आमचं त्या सीनला, खोटं कशाला बोलू. पण हे दोघं जोई एका आईच्या पोटचे वाटत नाहीत. मोनिकाचं तसंच, आधी नुसती टापटीप आवडणारी मुलगी, पुढे पुढे तो जवळजवळ आजारच. सरळ क्रमाने बघणाऱ्याला हे जाणवत नाही कारण बदल इतका हळूहळू होतो, आम्हाला एकदम दिसला.

तेव्हापासून मला ही खोडच लागलीय. कुठलीही मालिका पाचसहा सीझन चालली की मी परत जाऊन पहिले दोन एपिसोड बघते, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं. मालिका बदलते ती लेखकांच्या डोक्यातल्या कुठल्या थोर योजनेमुळे नाही, आपण कुठे हसलो, कुठे रडलो, कुठे चॅनल बदललं यामुळे. आपण ज्याला टाळी दिली ते वाढत जातं, इतकं वाढतं की शेवटी तेवढंच उरतं.

फ्रेंड्समध्ये तर हे अक्षरशः डोळ्यासमोर व्हायचं कारण शूटिंगला प्रेक्षक बसलेले असायचे, एखादा जोक पडला की लेखक तिथल्या तिथे बदलायचे. चौथ्या सीझनच्या शेवटी १९९८ मध्ये लंडनचे एपिसोड शूट झाले, त्यात मोनिका आणि चँडलर एका रात्रीपुरते एकत्र येतात. लेखकांच्या मनात ते चार दिवसांचं प्रकरण होतं. पण मोनिका पांघरुणातून वर आली आणि तिथल्या प्रेक्षकांनी जो काही आरडाओरडा केला, त्यानंतर तो विषय सोडायची कुणाची हिंमतच झाली नाही, पुढचे सहा सीझन त्या जोडीने तोलून धरले, लग्न, मूल, नवीन घर, सगळं. म्हणजे आवाजाने गोष्ट फिरली. आणि त्याच आवाजाने जोईची अक्कल पण गेली, हे लक्षात घ्या, कारण तो बावळटासारखं बोलला की हमखास हशा यायचा.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे तारक मेहताचा पोपटलाल. २००८ पासून मालिका चालू आहे, टप्पू करणारी तीन मुलं झाली, दयाभाभी २०१७ मध्ये गेल्या त्या अजून अहमदाबादहून यायच्यात, पण पोपटलालचं लग्न काही ठरत नाही. ठरणारच नाही हो! त्याचं लग्न झालं तर तो करणार काय? एका माणसाची एकच गंमत असली की त्या गंमतीतून त्याची सुटका करता येत नाही. आमच्या भिडे मास्तरांचं पण तेच, मराठी माणूस दाखवलाय म्हणून सुरुवातीला काय कौतुक वाटायचं, आता सखाराम स्कूटर, सोसायटीचे नियम आणि मेंटेनन्स यापलीकडे त्यांना आयुष्यच ठेवलेलं नाहीये.

डेली सोपला तर सीझन हा प्रकारच नसतो. अमेरिकेत वर्षाला बावीस-चोवीस एपिसोड झाले की लेखक काही महिने घरी बसतात, विचार करतात, आपल्याकडे आठवड्याला सहा एपिसोड, हातात बँक (आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड) असली तर चार दिवसांची, आणि गुरुवारी टीआरपी आला की त्यावरून पुढचा ट्रॅक. नायिकेच्या सासूपेक्षा मामेसासू जास्त बघतायत असं कळलं की मामेसासूला बहीण फुटते. मग कुणाचा तरी अपघात, स्मृती जाते, आणि अगदीच दोरी संपली की लीप, काल पाळण्यात असलेलं बाळ आज कॉलेजला. चार दिवस सासूचे २००१ ला सुरू झाली ती २०१३ ला संपली, तीन हजारांच्या वर एपिसोड, आता एवढ्या एपिसोडला पुरेल इतकी गोष्ट जगात कुणाकडेच नसते.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात आईला ऐकवत होते. आई साताऱ्याहून माझ्याकडे वारज्याला आली की संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्ही तिचा, जाहिरातीत कणीक मळायची, सीन सुरू झाला की पिठाच्या हातानेच बाहेर. तिने चार दिवस सासूचे पूर्ण बघितलीय, बारा वर्षं. मी म्हटलं आई अगं ती माणसं नंतर नंतर कार्टून होतात, प्रत्येकाचं एकच खूळ. तर म्हणाली, "मग खरी माणसं काय वेगळं करतात? तुझे आप्पाकाका बघ. चाळीस वर्षांपूर्वी नुसते हिशेबी होते, आता भाजीवाल्याकडे कढीपत्त्याची काडी कमी पडली तर परत जातात." यावर मला पटकन काही बोलताच येईना. आप्पाकाका खरंच परत जातात. आणि आई ती मालिका गोष्टीसाठी बघतच नव्हती म्हणे, रोज तीच माणसं घरात येतात म्हणून बघत होती, रोहिणी हट्टंगडींचा चेहरा दिसला की भात लावायची वेळ.

ठीक आहे, डेलीचं मान्य. पण सीझनवाल्या मालिकांना ही सवलत मी देणार नाही, कारण तिथे थांबून विचार करायला वेळ असतो आणि काही जणांनी तो फार छान वापरलाय. अमेरिकन द ऑफिसचा पहिला सीझन, २००५ चा, सहाच एपिसोड, आता बघवत नाही. मायकल स्कॉट त्यात ब्रिटिश मालिकेतल्या बॉसची नक्कल आहे, नुसता खवचट, केस मागे चापून बसवलेले. दुसऱ्या सीझनला केस सुद्धा बदलले! आणि केसांबरोबर माणूसही, तो एकटा आहे, त्याला सगळ्यांनी आपल्याला मित्र म्हणावं असं वाटतं, आणि विकायला बसला की तो खरंच हुशार आहे, हे दाखवायला लागले. तेवढ्याने सात सीझन निघाले. २०११ मध्ये मायकल करणारा स्टीव्ह करेल गेला, त्यानंतर दोन सीझन काढले ते मी एकदाच बघितलेत आणि तेवढं पुरे.

ब्रेकिंग बॅडमध्ये तर जेसीला पहिल्याच सीझनच्या शेवटी मारायचा बेत होता. जेसी करणाऱ्या आरन पॉलचं काम बघून मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगनने विचार बदलला, आणि जो पोरगा नुसता ड्रग्जच्या धंद्याची ओळख करून द्यायला आणला होता तो पाच सीझन, ६२ एपिसोड मालिकेचं काळीज झाला. इथे पण प्रतिसादामुळेच बदल झाला बरं का, फक्त टाळी घेणारं वाक्य वाढवण्याऐवजी माणूस वाढवला.

आणि मराठीत अण्णा नाईक! मला तर वाटतं आपल्याकडे यापेक्षा भारी उदाहरण नाही. २०१६ ला रात्रीस खेळ चाले सुरू झाली तीच मुळी अण्णांच्या मरणाने. कोकणातलं आकेरी, मोठा वाडा, जमलेली भावंडं, पांडूचं ते इसारलंय, आणि सगळ्यांच्या बोलण्यात मेलेला म्हातारा. मग २०१९ ला दुसरा सीझन आणला तो पुढे न नेता मागे नेला. अण्णा जिवंत, शेवंता आली, आणि माधव अभ्यंकरांनी असा काही नीच माणूस उभा केला की तो बघताना राग पण यायचा आणि पुढचा एपिसोड चुकवायची पण सोय नाही. आमच्या ऑफिसात लोक अण्णांचे स्टिकर पाठवायचे गुड मॉर्निंगला. गोष्ट पुढे ढकलायची नसेल तर मागे खणा, हे सुचायला अक्कल लागते. तिसऱ्या सीझनला मात्र परत तेच झालं, लोकांना अण्णा आणि शेवंता हवेत ना, मग घ्या अण्णा आणि शेवंता, आणि मधल्या मधे शेवंता करणारी नटी पण बदलली. त्यात भीती कुठे राहिली नाही.

कधी थांबायचं हे आधी ठरलेलं असलं तर बराच फरक पडतो. लॉस्टवाल्यांनी २००७ मध्येच चॅनलबरोबर बसून ठरवलं की अजून तीन सीझन आणि २०१० ला दुकान बंद, तोपर्यंत नुसतं पाणी घालणं चाललं होतं. शेवट आवडला का हा वेगळा विषय, त्यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात. गेम ऑफ थ्रोन्सला उलट घाई नडली, सहा सीझन दहा-दहा एपिसोड आणि मग सात आणि सहा, आधी ज्या प्रवासाला अख्खा सीझन लागायचा तो नंतर चहा पिऊन येईपर्यंत. त्यावर जगभर लिहून झालंय, मी अजून काय लिहू.

आपल्याकडे वेळेवर थांबलेली म्हणजे एका लग्नाची दुसरी गोष्ट, २०१२ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली, घना-राधा अजून हवे होते तेव्हाच. दिल दोस्ती दुनियादारी पण लोक बघत असतानाच आटोपली, माजघरातले ते सहा जण, त्यातला अमेय वाघ आपल्या पुण्याचाच, त्यामुळे इथे जरा जास्तच जिव्हाळा. मग वर्षभराने तेच कलाकार घेऊन दिल दोस्ती दोबारा काढली, पात्रं नवीन, गोष्ट नवीन. कागदावर प्रामाणिक कल्पना, पण मला प्रत्येक सीनला आधीचे कैवल्य आणि आशू कुठे गेले असं वाटत राहायचं. चेहरे परत आले की आपण जुनंच शोधतो, त्याला लेखक तरी काय करणार.

सध्या माझा जीव फुलेरा गावातल्या पंचायत या हिंदी मालिकेत अडकलाय. (चारही सीझन बघितले नसतील तर पुढचं वाचू नका.) २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पहिला आला तेव्हा त्यात काय होतं? ऑफिसातला मॉनिटर चोरीला जातो. सचिवजी चाकाची खुर्ची घेतात आणि प्रधानजींच्या पोटात दुखायला लागतं. अख्खा एपिसोड एका खुर्चीवर! दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादचा मुलगा जातो आणि हसवणारा प्रल्हाद असा काही गप्प होतो की तो करणाऱ्या फैसल मलिकच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, तो बदल मला शंभर टक्के पटला. पण त्यानंतर आमदार मोठा होत गेला, तिसऱ्याच्या शेवटी गोळीबार, चौथा सगळा निवडणुकीत, लौकी विरुद्ध कुकर ही चिन्हं. वाईट नाहीये, पण फुलेरात पूर्वी जी रिकामी दुपार असायची ती गायब झाली. मला वाटतं मीम्समध्ये प्रधानजींचा विरोधक बनराकस जास्त चालला, म्हणून तोच जास्त दिसायला लागला.

पाचवा सीझन जाहीर झालाय. मला त्यात आमदार नको, बंदूक नको, ऑफिसचा इन्व्हर्टर बिघडला आणि तो दुरुस्त कोण करणार यावरून आठ एपिसोड भांडण झालं तरी मी एका रात्रीत बघेन. आईचं म्हणणं, ते सगळं राहू दे, आधी प्रधानजींच्या रिंकीचं आणि सचिवजींचं लग्न लावा, आणि तेही नीट, साखरपुडा, हळद, मानपान सगळं, कमीत कमी तीन एपिसोड.