भरलेले टँकर विमानाने का नाही आणले?

"काका, तुम्ही एअरफोर्समध्ये होतात ना? मग एक सांगा. कोविडमध्ये ऑक्सिजनचे टँकर विमानाने नेले ते रिकामे, आणि भरल्यावर आणले ते रस्त्याने नाहीतर रेल्वेने. उलटं का नाही केलं?"

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही हा प्रश्न येतो. कुणी कुतूहलाने विचारतं, कुणी सरकारला टोमणा मारायचा म्हणून. काहींच्या घरातलं माणूस मात्र २०२१ च्या त्या एप्रिलात गेलेलं असतं. त्यांना 'तसा नियम आहे' एवढं सांगून उठता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी लोडमास्टर होतो. मालवाहू विमानात काय चढवायचं, कुठे ठेवायचं, कशाने जखडायचं हे बघणारा माणूस. ती लाट आली तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो, त्यामुळे त्या उड्डाणांचं श्रेय माझं नाही. टीव्हीवर सगळे सी-१७ या मालवाहू विमानाचं धूड बघत होते. माझी नजर टँकरच्या चाकांशी बांधलेल्या साखळ्यांवर होती.

टँकरमध्ये असतो तो द्रवरूप ऑक्सिजन, उणे १८३ अंशांना उकळणारा. टाकीला दुहेरी भिंत असते, मधे निर्वात पोकळी असते, तरी बाहेरची उष्णता थोडी थोडी आत शिरतेच आणि द्रव उकळत राहतो. एका लिटरचा साधारण ८६० लिटर वायू होतो. तो कोंडला तर टाकी फुटेल, म्हणून तिला दाब सोडणारी झडप असते. हायवेवर झडपेतून सुटलेला वायू वाऱ्यावर जातो. विमानाच्या बंद पोटात तो जाणार कुठे? त्यात उंचीवर केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणजे खाली गप्प बसलेली झडप वर गेल्यावर लवकर उघडणार.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. साडेतेवीस टक्क्यांच्या वर गेला की ती जागा आगीच्या दृष्टीने धोक्याची धरतात. ग्रीस, तेलाचा डाग, अंगावरचे कपडे, सगळंच मग पटकन पेट घेतं. आणि टँकर म्हणजे नुसती टाकी नव्हे. खाली ट्रक असतो, त्याचं डिझेल, बॅटरी, वंगण सगळं सोबत.

दुसरी अडचण वजनाची, आणि ती माझ्या धंद्यातली. अर्धा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालून बघा, पाणी हिंदकळलं की मान आपोआप तिकडे जाते. विमान चढताना नाक वर करतं, टनावारी द्रव मागे धावतो आणि त्याबरोबर विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे तोलाचा बिंदू, मागे सरकतो. तो ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला, तर पायलट कितीही निष्णात असो, त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानातल्या बग्रामहून एक मालवाहू बोइंग ७४७ उडालं. पोटात जडजड लष्करी गाड्या होत्या आणि त्यांची बांधणी अपुरी होती. उड्डाण होताच निदान एक गाडी मागे घसरली, तिने मागची यंत्रणा तोडली, आणि विमान धावपट्टीपासून जवळच कोसळलं. आतले सातही जण गेले. हा अपघात कुणाच्या तरी गाडीतल्या कॅमेऱ्यात टिपला गेला आहे. मी तो एकदा पाहिला, पुन्हा बघवला नाही. ती तर घन वस्तू होती. द्रवाला साखळी कशी बांधणार?

इथवर ऐकल्यावर लोक म्हणतात, "पण विमानात ऑक्सिजन असतोच की! मास्क खाली पडतात ना?" असतो. प्रवासी विमानांत तो बऱ्याचदा छोट्या रासायनिक डब्यांतून तयार होतो. ११ मे १९९६ ला अमेरिकेत मायामीहून निघालेल्या व्हॅल्यूजेटच्या विमानात असेच मुदत संपलेले, दुसऱ्या विमानांतून काढलेले डबे सामानाच्या कप्प्यात ठेवले होते. त्यांवर सुरक्षेची टोपणं नव्हती, आणि कागदावर शेरा होता 'रिकामे'. ते रिकामे नव्हते. आग लागली, तिला ऑक्सिजन तिथल्या तिथे मिळत गेला, आणि दहाएक मिनिटांत विमान दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली.

म्हणून रिकाम्या टँकरचीही गोष्ट सरळ नसते. त्यात थोडा वायू, थोडा दाब मागे राहिलेला असू शकतो. तो तपासायचा, मग ट्रकचं वजन, चाकांच्या आसांवरचा भार, इंधनाची गळती बघायची, मग साखळ्या. बाहेर सगळा देश ओरडत असताना हे सगळं शांतपणे करायचं. मला विचाराल तर त्या दिवसांतलं अवघड काम उड्डाणाचं नव्हतं, हे होतं.

"निदान एक फेरी तरी?" असंही विचारतात, आणि विचारणाऱ्याचा आवाज कापरा असतो. मी एवढंच सांगतो की ते विमान पडलं असतं तर टँकर गेला असता, माणसं गेली असती, आणि शिवाय एक सी-१७ कमी झालं असतं. हवाई दलाकडे ती सगळी मिळून अकरा आहेत.

रिकामा टँकर नेऊन काय वाचलं, ते मात्र कमी सांगितलं जातं. २४ एप्रिलला दिल्लीजवळच्या हिंडन तळाहून सी-१७ पुण्याला लोहगावला आलं, दोन रिकामे टँकर ट्रकसकट पोटात घेतले आणि भरण्यासाठी दुपारी जामनगरला उतरवले. रस्त्याने ते हजारेक किलोमीटर आहे. त्याच पहाटे दुसरं सी-१७ सिंगापूरला जाऊन चार रिकामे क्रायोजेनिक कंटेनर, म्हणजे अतिथंड द्रवाच्या टाक्या, घेऊन संध्याकाळपर्यंत पश्चिम बंगालमधल्या पानागढला आलं होतं. याच्या शेजारी आपली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस, म्हणजे टँकर नेणारी रेल्वेगाडी, ठेवून बघा. कळंबोलीहून सात रिकामे टँकर विशाखापट्टणमला पोचायला सुमारे ५० तास लागले, कारण फ्लॅट वॅगनवर चढवलेल्या टँकरची उंची घाटातल्या बोगद्यांत बसणार नव्हती आणि गाडीला लांबून वळसा घ्यावा लागला. भरून नागपूरला यायला मात्र २१ तास पुरले. देशात ऑक्सिजनपेक्षा टँकरचा तुटवडा मोठा होता. विमानाने नेऊन जातानाचा वेळ वाचवला की तोच टँकर आठवड्यात जास्त फेऱ्या मारतो. हिशेब इतका साधा होता.

आता कुणी हुशार असेल तर विचारतं, मग परदेशातून ऑक्सिजनचे सिलिंडर विमानाने कसे आले? मेच्या सुरुवातीला ब्रिटनहून ४५० सिलिंडर हवाई दलाच्याच विमानाने चेन्नईला आले, बरोबर आहे. सिलिंडरमध्ये दाबलेला वायू असतो. तो उकळत नाही, हिंदकळत नाही. जाड पोलादात बंद असतो. योग्य टोपण लावून, नीट बांधून तो नेता येतो.

हीच शिस्त माणसं आणतानाही होती. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानहून ११२ जण सी-१७ ने आले, मार्चमध्ये तेहरानहून ५८. रुग्णाच्या श्वासातून क्रूला लागण झाली तर पुढची फेरी कोण उडवणार? त्यासाठी पुढे चंदीगडच्या हवाई दलाच्या डेपोने 'अर्पित' नावाची बंदिस्त पेटी बनवली. रुग्ण आत, बाहेर पडणारी हवा गाळून. साठ हजारांत झाली. बाहेरून मागवली तर साठ लाखांपर्यंत गेली असती. हे कौतुक मी जरा मोठ्याने सांगतो, जुन्या खात्याचा अभिमान म्हणा.

शेवटचा प्रश्न बहुतेक असाच असतो, "पुन्हा तशी वेळ आली तर?" त्या लाटेनंतर ठिकठिकाणच्या सरकारी रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे पीएसए प्लांट बसवले. तो प्लांट चालता असेल तर त्या रुग्णालयाला टँकरची वाट बघत बसावं लागत नाही. त्याला कॉम्प्रेसर असतो, फिल्टर असतात, आतला झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे, ओलसर हवेने खराब होतो, आणि वीज गेली तर जनरेटर लागतो. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात तो असेल, तर शेवटचा कधी चालवून बघितला हे तिथे जाऊन विचारा. मला नका विचारू, त्यातलं मला काही कळत नाही.