फ्लूची लस घेतली का हो?

सप्टेंबर लागला की इथे न्यू जर्सीत औषधांच्या दुकानांबाहेर फ्लूच्या लशीचे फलक झळकतात. शाम्पू आणायला गेलेला माणूस दंडाला पट्टी लावून बाहेर येतो. सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे सगळ्यांनी दर वर्षी ही लस घ्यावी, अशी सरकारी शिफारस अमेरिकेत २०१० मध्ये झाली.

पण मोठ्यांपैकी घेतली किती जणांनी? एवढ्या कॉम्प्युटरच्या देशात बटण दाबलं की आकडा येत असेल, असं तिकडे बसून वाटेल. तसं काही नाही. लशीच्या नोंदी प्रत्येक राज्याच्या वेगळ्या. त्यातही मुलांच्या बऱ्यापैकी पूर्ण आणि मोठ्यांच्या अर्धवट. म्हणून चक्क फोन करून विचारतात. बीआरएफएसएस नावाचं, लोकांच्या आरोग्याच्या सवयी विचारणारं हे सरकारी सर्वेक्षण १९८४ मध्ये १५ राज्यांत सुरू झालं. आता सगळ्या राज्यांत मिळून वर्षाला चार लाखांच्या आसपास मुलाखती होतात.

असाच एक फोन माझ्या नवऱ्याला आला. अनोळखी नंबर कधी न उचलणारा हा माणूस, त्या दिवशी कुरिअरची वाट बघत होता म्हणून सापडला. सिगारेट, व्यायाम, रक्तदाब असं करत बाई लशीवर आल्या. गेल्या बारा महिन्यांत फ्लूची लस घेतलीत का, दंडात किंवा नाकात फवारा? "घेतली." कुठल्या महिन्यात? इथे स्वारी अडकली. "अगं, नवरात्रात ना? गरब्याला टिपरी उचलवत नव्हती." आता नवरात्र कधी सप्टेंबरात बसतं, कधी ऑक्टोबरात. मी भिंतीवरचं कालनिर्णय उलटं चाळायला लागले. तिकडे बाई शांतपणे थांबून होत्या. सवय असावी.

पुरावा कुणी मागत नाही. माणूस सांगेल ते खरं. त्यामुळे आकडा थोडा फुगतोच. मागच्या वर्षीची लस यंदाच्या खात्यात जाते, कोविडच्या लशीशी गल्लत होते, शिवाय इतक्या अदबीने विचारणाऱ्या बाईंना "नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची खरी, पण फोन उचलणारी शितं जरा जास्तच शिजलेली असणार! वय, शिक्षण, वंश यांचं गणित जुळवून आकडे सावरून घेतात, तरी न उचलणाऱ्याच्या मनातलं कुठून कळणार?

तरीही मला ही पद्धत टाकाऊ वाटत नाही. चूक दर वर्षी साधारण त्याच बाजूला होत असेल, तर चढउतार खराच दिसतो. २०२०-२१ च्या हंगामात निम्म्या प्रौढांनी लस घेतल्याचं सांगितलं होतं, २०२३-२४ मध्ये ते प्रमाण ४५ टक्क्यांवर आलं. पासष्टीपुढचे सुमारे ७० टक्के, आणि पन्नाशीच्या आतले, म्हणजे आमची गरब्याची सगळी गँग, त्याच्या निम्म्याच्या जवळपास. विक्रीच्या हिशेबातून हे कळलं नसतं. किती डोस खपले ते दुकानदार सांगेल, न घेतलेला माणूस कोण हे नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न विचारून झालाय. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या लोकांचं 'लासी' हे देशभराचं सर्वेक्षण केलं. फ्लूची लस घेतलेले शंभरात दोनसुद्धा भरले नाहीत. २००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्यात मास्कसाठी झालेली झुंबड आठवली आणि हा आकडा बघून गंमत वाटली.

मग रविवारच्या फोनवर बाबांना विचारलंच, फ्लूची लस घेतलीत का?

"घेतली की."

"कधी?"

"अगं, तो गंजका खिळा लागला होता ना पायाला, तेव्हा."