जातीचा रकाना

मंगळवार, रात्री

आज दवाखान्यात माझ्या मांजरीच्या, बकुळाच्या, लसीकरणाच्या कार्डावर जातीच्या रकान्यात ‘गावठी’ असे लिहून मिळाले, आणि दिवस मावळून गेला तरी ते मनातून जात नाही. लिहिणाऱ्याने मान वर न करता, सहज लिहिले. अपमानाचा हेतू नव्हता, हेही कळते. तरीही शेजारच्या पर्शियन मांजराच्या वंशावळीच्या कागदांचे जाडजूड बाड पाहताना आपलेच काहीतरी कमी ठरले, असे वाटत राहिले. अक्काला सांगितले असते तर ती काय म्हणाली असती, ते ठाऊक आहे. म्हणून सांगितले नाही.

अशा वेळी मला सोकोके आठवते. केनियाच्या किनाऱ्यालगतच्या अराबुको-सोकोके जंगलाचे नाव मिरवणारे हे मांजर आज जगातील दुर्मीळ जातींत मोडते. १९७८ साली जेनी स्लेटर यांना त्या भागात, आपल्या जमिनीवर, एक मांजरी आणि तिची पिल्ले आढळली. त्यांतला एक बोका आणि एक मादी त्यांनी घरी वाढवली आणि पुढे त्या दोघांपासूनच पैदास सुरू झाली. १९८४ मध्ये काही मांजरे डेन्मार्कला गेली, १९९३ मध्ये फिफे या मांजरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्यता दिली आणि जात ‘झाली’. तिथले गिरियामा लोक त्या मांजरांना खाडझोन्झो म्हणून आधीपासून ओळखत होतेच. पण त्यांच्याकडे रकाने नव्हते.

रूप मात्र खरोखर वेगळे आहे. अंगावरच्या गडद तपकिरी पट्ट्यांतही फिकट केस मिसळलेले असतात, त्यामुळे नक्षी आतून पोकळ, झाडाच्या सालीसारखी दिसते. केस आखूड आणि अंगाला चिकटून बसलेले, त्याखालची मऊ लव जवळजवळ नाहीच. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, म्हणून चाल चवड्यांवर चालल्यासारखी. हे सगळे पुन्हा वाचून झाल्यावर मी बकुळाला दिव्याखाली उभे करून तिचे मागचे पाय निरखले, हे लिहिताना आता माझे मलाच हसू येते आहे. तिला ते मुळीच आवडले नाही.

खरी गंमत पुढेच आहे. जनुकीय तपासणीत सोकोकेचे नाते केनियाच्याच लामू बेटावरच्या रस्त्यावरील मांजरांशी जुळले आणि त्या सर्वांचे मूळ आशियाई मांजरांच्या गटात निघाले. म्हणजे आफ्रिकेच्या रानातले अस्सल वाण म्हणून ज्याचे कौतुक झाले, त्याचे भाऊबंद गल्लीबोळांतून हिंडत होते! शिवाय एकाच वेताच्या भावंडांपासून सुरू झालेला वंश अरुंदच राहणार. त्यामुळे पुढे केनियातून नवी मांजरे आणावी लागली, आणि पाळणारे त्यांना ‘नवी शाखा’ म्हणतात. ज्यांच्या वाडवडिलांची कुठेच नोंद नव्हती, त्यांनीच वंशावळवाल्यांचा वंश सावरला. एवढे कळूनही दुपारचे ते वाटणे पूर्ण गेलेले नाही, पण त्याची धार बोथट झाली, हे मान्य करायला हवे.

कागद नसलेल्या मांजराला परीक्षकांनी रूपावरून पारखून जातीत घ्यावे, अशी सोयही फिफेच्या नियमांत आहे म्हणे. बकुळाला अनोळखी माणसाने उचललेले खपत नाही. त्यामुळे परीक्षकाच्या टेबलावर तिचे, किंवा खरे तर परीक्षकाचे, काय झाले असते, याचा विचार न केलेलाच बरा.