मुंबईच्या फोर्टमधली एक दुपार
काम बारालाच आटपलं आणि परतीची गाडी थेट रात्रीची. मग ठरवलं, टॅक्सी नाही, मॉल नाही, फक्त पायी. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर जरा टेकले, हॉर्निमन सर्कलला वळसा घातला आणि पोचले ओव्हल मैदानावर. तिथून मात्र पाय निघेना! एका बाजूला १८७८चा राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, सगळं दगडी, टोकदार. समोर गोलसर बाल्कन्यांच्या, आर्ट डेको शैलीतल्या इमारती. मधे एकाच वेळी कितीतरी सामने, कुठला फिल्डर कुणाचा ते त्या पोरांनाच ठाऊक. २०१८ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा ठरवलं, अगदी योग्य केलं. मुंबईत एकच दिवस असेल तर धावाधाव नको, एवढा टापू निवांत पाहा. आणि हो, सीएसएमटीला दिवे लागल्यावर पोचा, रस्त्यापलीकडून इमारत डोळे भरून बघा, मगच फलाटाकडे वळा.