तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोसाठी तलवार सोबत नेली तर चालेल का?

शिवजयंती तोंडावर आली की मावळ्याच्या वेशात फोटो काढून घेणारी पोरं मला हमखास विचारतात, ‘दादा, तलवारीला धार नाही, नुसती फोटोपुरती आहे. मग कसली अडचण?’

अडचण आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम पात्याचं माप बघतात. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तलवार, खंजीर, भाला हे शस्त्र ठरतं. घरकामाची, शेतीची हत्यारं तेवढी वगळलेली. केंद्राने अधिसूचित केलेल्या भागात असं शस्त्र विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे. बोथट पोलादी तलवारीवर दुकानदाराने ‘शोभेची’ अशी चिठ्ठी लावली, तरी रस्त्यावरचा हवालदार ते कशावरून मानणार? तलवारीने केक कापणाऱ्यांवर याच कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, तेही बऱ्याचदा त्यांनीच टाकलेल्या व्हिडिओवरून. शिखांच्या कृपाणाला संविधानाच्या कलम २५ चा आधार आहे, आपल्या हौसेला तो नाही.

मग लाकडी? शस्त्र कायद्यातून ती बहुधा सुटेल. पण सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात काठ्या-लाठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येते. जाड सागवानी तलवार म्हणजे शेवटी दांडकंच.

मला खरी काळजी वाटते ती या पोरांची. यातली कितीतरी जण पोलीस भरतीची तयारी करत असतात, आणि चारित्र्य पडताळणीत दाखल गुन्हा समोर येतो. एका फोटोपायी तो घोर नको.

म्हणून मी हलक्या फायबरचीच तलवार वापरतो. चंदेरी रंग उन्हात आरशासारखा चमकतो आणि खोटेपणा लगेच दिसतो. त्यावर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने चोळली की पातं लोखंडासारखं काळपट दिसतं. मुठीवर सुती दोरा गुंडाळायचा. कॅमेऱ्याला एवढं पुरतं. वाटेत ती कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा, एसटीत किंवा दुचाकीवर कमरेला लावून मिरवू नका. पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. रायगड, शिवनेरी हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे चित्रीकरणाची परवानगी वेगळी बघावी लागते.

मनाई आदेश लागू असेल, तर तलवार घरीच राहू द्या. मंदिल, शेला आणि ढाल एवढ्यावरही फोटो उत्तम होतो.