छाटणी झाल्यावर आलेला मॅनेजर

२०२५ च्या ९ जानेवारीला, गुरुवारी रात्री, इंग्लंडमधल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबने आपले मॅनेजर शॉन डाइश यांना पदावरून दूर केल्याची बातमी फोनवर झळकली, तेव्हा पीटरबरोविरुद्धच्या एफए कप सामन्याला अवघे काही तास उरले होते. आपल्याकडे तो सामना मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता सुरू होणार होता आणि मी त्यासाठी बँकेतून आल्यावर तासभर झोप काढून तयार होतो. लेटन बेन्स आणि शेमस कोलमन या क्लबच्याच दोन बचावपटूंनी, त्यांतला कोलमन तर तेव्हाही खेळणारा, त्या रात्री संघ सांभाळला आणि सामना २-० असा जिंकला. मात्र सामन्यात काय घडले याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. आता येणार कोण, एवढाच प्रश्न होता, आणि शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळेपर्यंत डेव्हिड मोयेस हे नाव सगळ्यांत पुढे आले होते.

नाशिकमध्ये एव्हर्टनचे समर्थक किती, असे कोणी विचारले तर मी स्वतःपासून मोजायला सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, चेल्सी, आर्सेनल यांचे टी-शर्ट कॉलेज रोडवर पाहिजे तेवढे दिसतात. एव्हर्टनचा निळा शर्ट पाहून मात्र मला आजवर तिघांनी तो चेल्सीचा आहे का, असे विचारले आहे. माझ्या या खुळाची सुरुवात १९ ऑक्टोबर २००२ च्या संध्याकाळी, पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरातल्या टीव्हीसमोर झाली. सतराव्या वाढदिवसाला पाच दिवस उरलेल्या वेन रूनीने शेवटच्या मिनिटाला लांबून मारलेला चेंडू आर्सेनलच्या गोलमध्ये गेला, तीस लीग सामने न हरलेला संघ हरला, आणि त्या पोराला मैदानात पाठवणारे मॅनेजर होते हेच मोयेस. त्यामुळे त्यांच्या परत येण्याची चर्चा माझ्यासाठी जुन्या घराची किल्ली कोणीतरी पुन्हा हातात ठेवावी तशी होती. त्या घराची आता काय अवस्था असेल, याची भीती त्यात धरूनच.

११ जानेवारीला महिन्याचा दुसरा शनिवार होता, बँक बंद आणि न्यायालयही बंद, म्हणून आम्ही चौघे सकाळी गंगापूर रस्त्याच्या पुढे एका मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी जमलो. संक्रांत तीन दिवसांवर आलेली, विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते आणि थंडी अशी की रस्सा टेबलावर येईपर्यंत त्यावरची तर्री घट्ट व्हायला लागली होती. आमच्यात एक वकील, जो वीस वर्षे युनायटेडसाठी जीव टाकतो; एक माझा भाचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा आणि लिव्हरपूलचा; आणि एक निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, ज्याला कोणताही क्लब नाही, पण सामना आणि वाद दोन्ही शेवटपर्यंत पाहण्याची हौस आहे.

वकिलाने पापड मोडता मोडता मोयेस यांच्याविरुद्ध खटला उभा केला. "सहा वर्षांचा करार घेऊन २०१३ मध्ये आमच्याकडे आले आणि दहा महिन्यांत घरी गेले. आदल्या वर्षीचा विजेता संघ सातवा आला. याला तू अनुभव म्हणतोस? मी याला पुरावा म्हणतो." त्याचे म्हणणे खोडणे अवघड होते, कारण तारखा त्याच्या बाजूच्या होत्या. युनायटेडचे मॅनेजर म्हणून मोयेस यांचा शेवटचा सामना २० एप्रिल २०१४ रोजी एव्हर्टनच्याच गुडिसन पार्कवर झाला, तो ते २-० असा हरले आणि दोन दिवसांनी त्यांना काढण्यात आले. त्या रात्री मी आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या, हेही त्याने सर्वांसमक्ष सांगितले आणि मला ते नाकारता आले नाही. पुढे २०१६-१७ मध्ये संडरलंड त्यांच्या हाताखाली तळाला राहून प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत गेला, हा दुसरा दाखला त्याने जोडला आणि आणखी रस्सा मागवला.

गंमत अशी की मी, एकटा एव्हर्टनवाला, त्याच्याविरुद्ध बोलायला तयार नव्हतो. माझा विरोध निराळ्या कारणाने होता. परत बोलावलेल्या मॅनेजरचे काय होते, याचा अनुभव या क्लबने आधीच घेतलेला आहे. हॉवर्ड केंडल यांनी १९८५ आणि १९८७ असे दोनदा लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर एव्हर्टनने आजपर्यंत लीग जिंकलेली नाही. तेच केंडल १९९० मध्ये परतले आणि तीन वर्षांत थकून गेले. तिसऱ्यांदा १९९७ मध्ये आले, तेव्हा शेवटच्या दिवशी केवळ गोलफरकावर संघ वाचला. ज्या माणसाची तसबीर भिंतीवर लावावी त्यालाच पुन्हा दारात उभे करून हिशेब विचारण्याची वेळ आली. मोयेस यांनी २००२ ते २०१३ अशी अकरा वर्षे क्लब सांभाळला, २००४-०५ मध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत नेला, २००९ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात नेला. करंडक एकही मिळाला नाही, हे खरे. पण खिशात पैसे नसलेल्या घराचा कारभार ज्या नेटाने चालवावा तसा त्यांनी तो चालवला. ती अकरा वर्षे मला जशीच्या तशी राहायला हवी होती.

भाच्याचा आक्षेप वयाचा आणि शैलीचा होता. "मामा, तू सांग, एकसष्ट वर्षांचा माणूस, तोच बचाव, तेच उंच चेंडू, तेच कॉर्नर. नवा मालक आला आहे, नवं स्टेडियम तयार होतंय आणि मॅनेजर मात्र २००२ सालचा?" त्यात तथ्य नव्हते असे नाही. फ्रीडकिन ग्रुपने डिसेंबरमध्येच क्लब ताब्यात घेतला होता, आणि १८९२ पासूनचे गुडिसन पार्क सोडून संघ गोदीवरच्या नव्या मैदानात जायचा होता. मोयेस यांच्यानंतर क्लबने जे आठ कायमस्वरूपी मॅनेजर नेमले त्यांत कार्लो अँचेलोत्ती आणि राफा बेनिटेझ हे दोघे तर युरोपातला सर्वोच्च करंडक जिंकलेले होते. अनुभवाचे पारडे त्यापेक्षा जड काय असणार? अँचेलोत्ती दीड वर्षात रेआल माद्रिदला निघून गेले, आणि एकेकाळी लिव्हरपूलचे मॅनेजर असलेले बेनिटेझ सात महिनेही टिकले नाहीत. भाच्याने ही नावे उच्चारली तेव्हा मला वाटले की वाद इथेच संपला.

तेव्हा इतका वेळ गप्प बसून जिलेबी खाणारा बागायतदार बोलला. त्याने मला उलट प्रश्न विचारला, "तुमच्या संघाची आत्ता अडचण नेमकी काय आहे?" मी सांगितले की एकोणीस सामन्यांत सतरा गुण आहेत, गोल फक्त पंधरा झाले आहेत, क्रमांक सोळावा आहे आणि खालच्या श्रेणीत घसरणाऱ्या तळाच्या तिघांपेक्षा आपण एका गुणाने वर आहोत. "म्हणजे ऑक्टोबरची गोडी छाटणी होऊन गेली आहे," तो म्हणाला. "घड किती लागायचे ते आमच्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच ठरतं. ऑक्टोबरला छाटल्यावर ते फक्त दिसायला लागतं. आता जानेवारीत कितीही मोठा सल्लागार आणला तरी तो वेलीला नवा घड लावू शकत नाही. ही थंडी पाहतोस ना? मणी फुगवणीला आले आहेत, पारा असाच खाली राहिला की ते तडकतात. पहाटे पाणी कधी सोडायचं, शेकोट्या कुठे पेटवायच्या, हे ज्याला माहीत आहे असा माणूस आत्ता पाहिजे. एप्रिलमध्ये पाहिजे तो माणूस वेगळा असू शकतो."

मला त्याच्या बोलण्यातला हा भेद फार मोलाचा वाटला, आणि नंतर कितीतरी दिवस मी तो घोळवत राहिलो. आम्ही तिघे अनुभव हा शब्द जणू भविष्य निर्वाह निधीतल्या शिलकेसारखा वापरत होतो. ज्याच्या खात्यात वर्षे जास्त, तो मोठा. प्रत्यक्षात मोयेस यांच्या युनायटेडमधल्या दहा महिन्यांचा या प्रश्नाशी संबंध नव्हता, कारण तिथे विजेत्या संघाला विजेता ठेवण्याचे काम होते. आणि अँचेलोत्तींच्या करंडकांचाही नव्हता. संबंध होता तो मार्च २००२ शी, जेव्हा मोयेस यांनी हंगाम संपायला दोन महिने उरलेले असताना, घसरणीच्या उंबरठ्यावरचा, दुसऱ्याने जमवलेला संघ हाती घेतला आणि वाचवला. तोच संबंध वेस्ट हॅमशी होता, जिथे असेच मधल्या हंगामात ते दोनदा, २०१७ च्या नोव्हेंबरात आणि २०१९ च्या डिसेंबरात गेले, दोन्ही वेळा क्लब वाचवला आणि २०२३ मध्ये प्राग इथे फिओरेंतिनाला २-१ ने हरवून कॉन्फरन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धाही जिंकून दिली. वेस्ट हॅमला त्याआधीचा मोठा करंडक १९८० मध्ये मिळाला होता. पण प्रागच्या पुढच्याच वर्षी तिथल्या समर्थकांना मोयेस यांच्या खेळाचा कंटाळा आला आणि करार वाढवला गेला नाही. त्यांच्या जागी आलेल्या युलेन लोपेतेगी यांनाही वेस्ट हॅमने नेमके याच आठवड्यात, आमच्या मिसळीच्या तीन दिवस आधी, घरी पाठवले होते.

आणखी एक गोष्ट मी त्या वेळी बोलायची विसरलो आणि घरी येताना आठवली. एव्हर्टनचे नवे मालक हेच इटलीतल्या रोमा क्लबचेही मालक आहेत, आणि दोनच महिन्यांपूर्वी, एका हंगामात दोन मॅनेजर घालवून झाल्यावर, त्यांनी त्र्याहत्तर वर्षांच्या क्लाउदिओ रानिएरी यांना निवृत्तीतून उठवून तिसऱ्यांदा रोमाच्या बाकावर बसवले होते. तेव्हा त्यांना एव्हर्टनसाठी कोण सुचणार, हे आम्हाला मिसळीआधीच ओळखता यायला हवे होते. रोमा बाराव्या क्रमांकावरून हंगामाच्या शेवटी पाचव्यावर पोहोचला, हे अर्थात नंतरचे.

त्याच शनिवारी क्लबने मोयेस यांच्या अडीच वर्षांच्या कराराची घोषणा केली. वकिलाने लगेच पैज लावली की हंगामाच्या शेवटी एव्हर्टन युनायटेडच्या वर असला तर चौघांच्या मिसळीचे पैसे तो देईल. पहिला सामना ॲस्टन व्हिलाविरुद्ध ०-१ असा गेला, तेव्हा त्याने फोनवर मला मिसळीचे छायाचित्र पाठवले. त्यानंतर टॉटनहॅमला ३-२, ब्रायटनला त्यांच्या मैदानावर १-० आणि लेस्टरला ४-० असे हरवले. लेस्टरच्या सामन्यात तर अब्दुलाय दुकुरे याने दहाव्या सेकंदाला गोल केला, जो मी चष्मा पुसत असल्यामुळे चुकवला.

खेळाडू तेच होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फ्लामेंगोकडून कार्लोस अल्काराझ (टेनिसवाला नव्हे) उसना आणला, एवढी एक फवारणी म्हणा. पण ज्या बेटोला डिसेंबरपर्यंत बाकावर बसलेला पाहायची सवय झाली होती, त्याने लेस्टरविरुद्ध दोन आणि मग लिव्हरपूलविरुद्ध एक गोल केला. तो लिव्हरपूलचा सामना गुडिसनवरची शेवटची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची लढत होती, आणि आपल्याकडे १३ फेब्रुवारीची मध्यरात्र उलटून गेली होती. भाचा त्या रात्री आमच्याकडेच मुक्कामाला होता. अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला, लिव्हरपूल २-१ ने पुढे असताना, टार्कोव्स्की या एरवी डोक्याने चेंडू बाहेर फेकणाऱ्या बचावपटूने उजव्या पायाने असा फटका मारला की चेंडू जाळ्याच्या वरच्या भागात जाऊन थडकला. मी ओरडलो नाही, कारण आई आतल्या खोलीत झोपली होती. मी भाच्याची उशी ओढून तोंडावर दाबली. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "मामा, उंच चेंडूच होता." ते मी मान्य केले.

मोयेस यांच्या हाताखालच्या एकोणीस लीग सामन्यांत एव्हर्टनने एकतीस गुण मिळवले. त्याआधीच्या एकोणीस सामन्यांत सतरा होते. हंगामाच्या शेवटी एव्हर्टन अठ्ठेचाळीस गुणांसह तेरावा, वेस्ट हॅम चौदावा आणि मँचेस्टर युनायटेड बेचाळीस गुणांसह पंधरावा. डाइश यांच्यावर मात्र यामुळे अन्याय होऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण २०२३ च्या मे महिन्यात शेवटच्या दिवशी बोर्नमथला हरवून संघ वाचवणारे तेच होते, आणि पुढच्या वर्षी आर्थिक नियमभंगामुळे आठ गुण कापले गेले असतानाही त्यांनी संघाला पंधरावे ठेवले. तेही एकदा जानेवारीतच आले होते आणि त्यांनीही मणी तडकू दिले नव्हते. त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात जे बिघडले ते खरड छाटणीचे काम होते, आणि त्यासाठी क्लबजवळ तेव्हा पैसाही नव्हता.

केंडल यांच्याबद्दलची माझी भीती तरीही गेलेली नव्हती. एक अर्धा हंगाम निभावणे निराळे आणि जुन्या घरात पुन्हा संसार मांडणे निराळे. दुकुरे, कॅल्व्हर्ट-ल्युइन आणि आणखी बऱ्याच जणांचे करार २०२५ च्या उन्हाळ्यातच संपत होते, म्हणजे मोयेस यांच्या हाती आता पहिल्यांदाच स्वतःची कात्री आली होती.

हंगाम संपल्यावर वकिलाने त्याच मळ्यात चौघांचे पैसे दिले, जिलेबीसह, आणि पावती घडी करून खिशात ठेवली, बहुधा अपिलात वापरण्यासाठी. बागायतदार मात्र आभाळाकडे पाहत बसला होता. त्या मे महिन्यात अवकाळी पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता, ऊन नव्हते, आणि खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायला ऊन लागते. "तुझ्या माणसाची छाटणी कशी झाली ते तुला ऑगस्टमध्ये कळेल," तो उठता उठता म्हणाला, "मला थेट ऑक्टोबरपर्यंत थांबायचं आहे."