डाइन पास, जोड नापास

आमच्या चाकणच्या कारखान्यात गाड्यांचे हेडलॅम्प बनतात. मागचं काळं हाउसिंग पॉलिप्रॉपिलीनचं, त्यात ४० टक्के टाल्क, म्हणजे खनिजाची भुकटी. पुढची लेन्स पॉलिकार्बोनेटची. हाउसिंगच्या कडेने खाच असते. तिच्यात पॉलियुरेथेनचा सीलंट भरायचा आणि लेन्स दाबून बसवायची. पण पॉलिप्रॉपिलीनला सहजासहजी काही चिकटत नाही. त्याच्या रेणूंत नुसता कार्बन आणि हायड्रोजन, सीलंटने धरावं असं काहीच नाही. म्हणून सीलंटच्या आधी रोबो प्लाझ्माचा, म्हणजे विजेने भारलेल्या वायूच्या झोताचा, नॉझल खाचेवरून फिरवतो. जांभळट निळी ज्योत, बारीक करकर आणि ओझोनचा वास. त्या झोताने पृष्ठभागावरचे बंध तुटतात आणि तिथे ऑक्सिजन येऊन बसतो. हा बदल काही नॅनोमीटरपुरताच असतो, पण अख्खा जोड त्याच्यावर उभा असतो.

त्या दिवशी सकाळी शॉपफ्लोअरवर पोचले तर लीक टेस्टच्या शेजारचा लाल क्रेट भरलेला. लीक टेस्टचं मशीन हवेचा दाब किती उतरला एवढंच सांगतं, कुठून उतरला ते सांगत नाही. स्टेशनवरच्या ताईंनी मात्र मी यायच्या आधीच नापास दिवे पाण्याच्या टाकीत बुडवून बघितले होते. "मॅडम, सगळीकडून नाही गळत. बुडबुडे याच कोपऱ्यातून येतायत, प्रत्येक दिव्याला," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. दिवसभरातली सगळ्यात मोलाची माहिती मला ताईंच्या त्या बोटाने दिली.

पहिला संशय मोल्डिंगवर गेला. भाग साच्यातून सुटावा म्हणून कुणी सिलिकॉनचा स्प्रे मारला असेल तर प्लाझ्माचाही त्याच्यापुढे इलाज चालत नाही. मोल्डिंगचे सुपरवायझर तडक आले. "स्प्रेचे डबे स्टोअरमधूनच बंद केलेत, मॅडम. या, मशीन बघा." बघितलं. त्यांचं म्हणणं खरं होतं.

मग डाइन इंक, म्हणजे पृष्ठभागाची द्रवाला धरून ठेवायची ताकद (पृष्ठऊर्जा) मोजायची शाई. ती सपाट पसरून राहिली तर ताकद निदान तिच्या आकड्याइतकी. कच्च्या पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा साधारण ३० डाइन. त्यावर ३८ ची शाई ओढली तरी रेघ आकसून तिचे थेंब होतात. आमच्या कोपऱ्यात ७२ ची शाईसुद्धा सपाट पसरून राहिली. ७२ म्हणजे जवळजवळ पाणीच. "प्लाझ्मा एकदम ओके आहे, तुम्ही सीलंटचा बॅच बघा," प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले आणि शिफ्टच्या शीटवर हिरवी टिक झाली.

मी एक नापास दिवा सुरीने उघडला. सरळ बाजूला सीलंट स्वतःतच फाटला. काळा थर लेन्सलाही राहिला आणि खाचेलाही. जोड असाच तुटायला हवा, म्हणजे पकड सीलंटहून पक्की. कोपऱ्यात मात्र सीलंटची पट्टी खाचेतून अखंड सुटून आली, खालून गुळगुळीत. तिथलं प्लास्टिक टॉर्चच्या तिरक्या उजेडात किंचित चकाकत होतं. प्लाझ्मा कमी पडल्याची ही लक्षणं नव्हती. तो जास्त झाला होता.

झोत एकाच जागी रेंगाळला की रेणूंच्या लांब साखळ्यांचे बारीक तुकडे होतात. त्या तुकड्यांना भरपूर ऑक्सिजन चिकटलेला असतो, त्यामुळे शाई त्यांच्यावर झकास पसरते. पण ते खालच्या प्लास्टिकला घट्ट धरून नसतात. सुटलेला चुना न खरवडता भिंतीवर रंग लावला तर रंग चुन्याला चिकटतो आणि चुन्यासकट पडतो, तसंच हे. हे तुकडे पाण्याने धुतले जातात, म्हणून नुकतंच प्लाझ्मा दिलेलं एक हाउसिंग घेतलं, पाण्याने ओलावलेल्या फडक्याने खाच पुसली, कोरडी होऊ दिली आणि पुन्हा शाई ओढली. सरळ बाजूला फारसा फरक नाही. कोपऱ्यात ५६ ची रेघसुद्धा डोळ्यांदेखत आकसली. सगळे वाकून बघत होते.

रोबोचा प्रोग्रॅम उघडला तर उलगडा झाला. जोड आणखी पक्का व्हावा म्हणून आदल्या शिफ्टमध्ये कुणीतरी वेग उतरवला होता. हेतू चांगलाच होता. पण रोबो वळणावर मुळातच मंदावतो. त्यात हा कमी केलेला वेग, म्हणजे कोपरा अक्षरशः भाजून निघत होता. वेग पूर्ववत केला, वळण थोडं मोठं घेतलं आणि कोपऱ्यावर नॉझल जरा वर उचलला. नवे नमुने सीलंट वाळायला ठेवले. दुसऱ्या दिवशी उघडले तेव्हा कोपऱ्यातही दोन्हीकडे काळा थर होता.

पण खरा वाद आदल्या संध्याकाळीच झाला होता. त्या शिफ्टचे लीक टेस्टला पास झालेले दिवेही थांबवा, असं मी म्हणाले. "पास झालेत ना? गाडी लोडिंगला लागलीय," साहेब वैतागले. त्यांची अडचण मला कळत होती. पण दिवा इंजिनाशेजारी तापतो, पावसात थंड होतो, खड्ड्यांत हादरे खातो. असा जोड आज हवा धरतो आणि पहिल्याच पावसाळ्यात लेन्समध्ये पाणी दिसतं. रात्री कुणाला तरी त्याच दिव्याच्या उजेडात घाट उतरायचा असतो. मी ताईंना ती सुटलेली पट्टी आणायला सांगितली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बोटांत धरून ताणून बघितली, फोन उचलला आणि गाडी रिकामी करायला सांगितली.